मातीवरची रेस पाहायची कशी अन् तिच्यावर वाद घालायचा कसा

राजेहो, आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर परवा पुन्हा तोच विषय निघाला. अमेरिकेतली नास्कार नावाची संस्था घेते ती मोटारगाड्यांची रेस, तिथला ब्रिस्टलचा ट्रॅक, अन् तिथं माती टाकली ते बरोबर केलं का चूक. एक पोट्टा म्हणे मातीवर गाडी आडवी होऊन वळते तीच खरी रेस, बाकी सगळं डांबरावरचं गोल गोल फिरणं. दुसरा म्हणे अरे बापा चांगल्या काँक्रीटच्या ट्रॅकची अक्षरशः माती केली त्यायनं. अर्धा तास झाला, चहा थंड झाला, अन् लक्षात आलं का दोघांनीही पूर्ण रेस एकही पाहिली नव्हती, नुसत्या मोबाइलवरच्या क्लिपा. म्हणून हे लिहून राहिलो. वाद घाला, पण आधी नीट पाहा, अन् पाहायचं कसं ते आपल्या भागातल्या माणसाला लय सोपं आहे कारण माती आपल्याला कळते.

आधी थोडं सामान गोळा करा. स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी पण आतून पूर्ण रेसची गाडी, वजन ड्रायव्हर अन् पेट्रोल सोडून साधारण १४५० किलो. ब्रिस्टल मोटर स्पीडवे टेनेसी राज्यात आहे, १९६१ पासून, एक चक्कर साधारण ८५८ मीटरची, अन् वळणावर ट्रॅक २४ ते २८ अंश तिरपा, म्हणजे पायी चढायला गेलं तर धाप लागेल असा. १९९२ पासून तिथं काँक्रीट आहे. २०२१, २०२२ अन् २०२३ अशी तीन वर्षं तिथली वसंतातली एक रेस मातीवर घेतली, सप्टेंबरमधली रात्रीची रेस मात्र काँक्रीटवरच राहिली. हे पहिले सांगा, कारण अर्ध्या लोकांना वाटते पूर्ण ट्रॅकच कायमचा बदलला. अन् २०२४ ला वसंतातली रेसही परत काँक्रीटवर गेली.

जुना हिशोबही माहीत पाहिजे. "मातीवर स्टॉक कार हे काय नवीन खूळ" असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की नास्कारची १९४९ ची पहिली स्ट्रिक्टली स्टॉक रेस (वरच्या पातळीच्या रेसचं तेव्हाचं नाव) शार्लटला मातीच्याच ट्रॅकवर झाली. मग पक्के ट्रॅक वाढत गेले, अन् ३० सप्टेंबर १९७० ला रॅली नावाच्या शहरातल्या ट्रॅकवर रिचर्ड पेटी जिंकला ती वरच्या पातळीवरची मातीतली शेवटची रेस ठरली. त्यानंतर थेट २०२१. पन्नास वर्षांची खोट आहे ही, अन् ज्यानं आपल्याकडं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बंद पडलेला पाहिला त्याला ही खोट काय असते ते समजावून सांगावं लागत नाही.

माझं तर तिथंच मन अडकलं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीवर बंदी आणली, तळेगाव दशासरचा पट ज्याच्यासाठी आम्ही लहानपणी दिवस मोजायचो तो बंद, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे लोक, वावरात परत, जोड्या कोणी विकल्या कोणी नुसत्या सांभाळल्या. डिसेंबर २०२१ ला कोर्टानं अटींसह परवानगी दिली. अन् मार्च २०२१ मध्ये, म्हणजे आपल्याकडं अजून सगळं शांत असताना, मी रात्री दीड वाजता मोबाइल हातात धरून बसलो होतो अन् त्या इवल्याशा स्क्रीनवर लाल माती उडताना दिसली. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. म्हणून मी मातीच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगून ठेवतो, पण ब्रिस्टलच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे अन् ते का ते खाली येईलच.

आता पाहायचं कसं. पहिली नजर गाडीवर टाकायची नाही, मातीवर टाकायची. आपण म्हणतो ना वाफसा आला का? बस्स, तोच प्रश्न. पाऊस पडून गेल्यावर वावरात लगेच औत घातलं तर चिखल चिकटते, फार थांबलं तर ढेकळं निघतात, अन् मधात एक वेळ असते जेव्हा माती मुठीत दाबली तर गोळा होते अन् अंगठ्यानं टोचली तर मोकळी होते. मातीच्या रेसलाही नेमकी तीच वेळ लागते. ओल जास्त असली तर चाकाखालून चिखलाचे गोळे सुटतात अन् मागच्याच्या काचेवर बसतात. ओल कमी झाली की धूळ. अन् त्याच्याही पुढं गेलं की माती घासून घासून चकचकीत काळपट होते, शेणानं सारवलेल्या ओट्यावर पाणी सांडल्यावर जसा पाय जाते तशी गाडी जाते.

आमच्या गावच्या पटाची गोष्ट सांगतो, बंदीच्या आधीची. आदल्या सांजेला पाणी मारायचं ठरलेलं होतं पण टँकर आला नाही, मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी अकरा वाजता घाईघाईनं पाणी सोडलं. वरचं बोटभर ओलं, खाली कोरडं खडखडीत. आमच्या मामानं चप्पल काढली, अनवाणी चार पावलं चालला, टाचेनं दाबून पाहिलं, वरचा थर सायीसारखा सरकला अन् खाली कोरडी भुरकी माती दिसली. तो म्हणे, "जोडी नको सोडू रे, वाफसा नाही, वरून लेप आहे." ऐकलं नाही कोणी. दुसऱ्याच जोडीचा डावा बैल गुडघ्यावर आला. नशीब पाय मोडला नाही, पण त्या बैलाचा फुसफुसता श्वास अन् गुडघ्याला लागलेला चिखल मला अजून दिसते. तेव्हापासून कुठलीही मातीतली शर्यत पाहताना मी पहिले हेच पाहतो, की पाणी कधी मारलं अन् किती खोल गेलं.

ब्रिस्टलला हेच सगळ्यात अवघड होतं. तिथली माती तिथली नव्हतीच. काँक्रीटवर आधी लाकडाचा भुसा पसरला, मग २३०० च्या आसपास ट्रक माती आणून टाकली, रोलर फिरवले, वळणाचा तिरपेपणा भरून १९ अंशावर आणला. मेहनत जबरदस्त, ती कमी लेखू नका. पण खाली काँक्रीट असलं की मातीला मूळ नसते, गच्चीवर माती टाकून पालक लावल्यासारखं आहे ते, पाणी मुरायला जागा नाही अन् खालून ओल वर यायलाही जागा नाही. पाऊस आला तर तळं अन् ऊन पडलं तर फुफाटा. २०२१ ला दोन्ही झालं. रविवारी, २८ मार्चला, पावसानं रेस वाहून गेली, सोमवारी घेतली ती उजेडात, अन् इतकी धूळ उठली की ड्रायव्हरला पुढचं दिसेना, शेवटी रिस्टार्टला, म्हणजे रेस थांबवून पुन्हा सुरू करताना, गाड्या जोडीनं सोडायच्या सोडून एकामागे एक सोडाव्या लागल्या. जोई लोगानो जिंकला, २५० लॅपची, म्हणजे चकरांची, रेस २५३ लॅपपर्यंत गेली. ही रेस पाहताना एक करा, कॅमेरा जेव्हा ड्रायव्हरच्या आतून दाखवते तेव्हा त्याला सूर्य कोणत्या बाजूनं आहे ते पाहा. थ्रेशर चालू असताना उन्हाकडं तोंड करून कधी उभे राहिले असाल तर त्याला काय दिसत असेल ते कळेल.

म्हणून दुसरी गोष्ट, वेळ पाहा. मातीच्या रेसा बहुतेक रात्री घेतात ते हौस म्हणून नाही, ऊन नसलं की ओल टिकते. २०२२ ला नास्कारनं तेच केलं, १७ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी रात्री घेतली, आपल्याकडं सोमवारची पहाट, साडेचारला सुरू. फरक लगेच दिसते, धूळ कमी, अन् गाड्या खाली-वर दोन्हीकडं पळू शकतात. पुन्हा पाऊस आला, रेस थांबली, ते वेगळं. तर कोणी म्हणालं का मातीची रेस म्हणजे नुसता धुराळा, त्याला विचारा भाऊ कोणती पाहिली, दिवसाची का रात्रीची. हा एक प्रश्न विचारला तरी अर्धे वाद जागीच मिटतात, मी करून पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट काच. हे बारीक आहे पण याच्यावरच ड्रायव्हर लोकांची खरी नाराजी होती. मातीवर पळणारी स्प्रिंट कार पाहा, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, समोर काच नाही, ड्रायव्हरच्या हेल्मेटवर पातळ प्लास्टिकचे थरावर थर, चिखल बसला की एक थर ओढून फेकायचा अन् पुढं. स्टॉक कारला मात्र समोरची काच तशीच ठेवली, चिखल बसला की पिवळा झेंडा लागून गाड्या हळू होईपर्यंत आंधळी कोशिंबीर, शिवाय पुढच्या जाळीत चिखल भरला की इंजिन तापते. म्हणजे दोष मातीचा का गाडीचा? मातीला शिव्या देणाऱ्यानं याचं उत्तर दिलं पाहिजे, अन् मातीची बाजू घेणाऱ्यानंही हे मान्य केलं पाहिजे की दुप्पट वजनाची, काचेची गाडी त्या मातीवर उतरवणं म्हणजे डांबरी रस्त्याचं टायर लावून चिखलणीला जाण्यासारखं आहे. टायर मात्र वेगळे दिले होते, ते सांगायचं राहिलं.

मग गाडी आतून जाते का बाहेरून ते पाहा. सुरुवातीला सगळे खालच्या कडेनं जातात कारण अंतर कमी. चाकं फिरून फिरून सुटी माती वर सरकत जाते अन् बाहेरच्या कडेला आपल्या वावराच्या धुऱ्यासारखा एक उंचवटा तयार होते, तिकडचे लोक त्याला कुशन म्हणतात. ज्याला मातीचं ज्ञान आहे तो मागचं चाक बरोबर त्या धुऱ्याला टेकवतो अन् पूर्ण जोर देतो, थोडा जरी वर गेला तर भिंत. काइल लार्सन अन् क्रिस्टोफर बेल हे मातीतच वाढलेले, त्यांच्याकडं पाहून शिका. २०२३ ला बेलच जिंकला अन् ते उगीच नाही. एखादा ड्रायव्हर पाच लॅप खाली, मग दोन लॅप मधात, मग एकदम वर असं करत असला तर तो चुकून नाही राहिला, माती चाचपून राहिला. धुरकरी जसा सोडण्याआधी जोडीला पटावर हळू चालवत नेते, तसं.

२०२२ चा शेवटचा लॅप तर दहादा पाहा. टायलर रेडिक पुढं, चेज ब्रिस्को मागं, शेवटच्या वळणांत ब्रिस्कोनं खालून गाडी घातली, माती धरली नाही, घसरत वर गेला अन् दोघेही फिरले, अन् तिसऱ्या नंबरवरचा काइल बुश मधून निघून जिंकला. पहिल्यांदा पाहताना तुम्ही ब्रिस्कोला दोष द्याल. दुसऱ्यांदा त्याच्या गाडीकडं नाही, त्याच्या चाकाखालच्या रंगाकडं पाहा. चकचकीत काळपट. तिथं तो काय, कोणीही थांबला नसता. मातीवर हिंमत अन् चूक यांच्यात एवढंच अंतर असते.

आता समोरच्याची बाजू, अन् ही मनापासून ऐका. ब्रिस्टल काँक्रीटवर फार भारी ट्रॅक आहे. छोटा, तिरपा, भिंती जवळ, गाड्या एकमेकाला घासत जातात. १७ मार्च २०२४ ला काँक्रीटवर परत रेस झाली तेव्हा टायर इतक्या लवकर झिजायला लागले की प्रत्येकाला जपून चालवावं लागलं, अन् त्या एका रेसमध्ये ५४ वेळा पहिला नंबर बदलला, छोट्या ट्रॅकवर असं आधी कधी झालं नव्हतं. डेनी हॅमलिन जिंकला. तिथंही गंमत हीच की ट्रॅक अन् टायर यांचं जमलं-नाही-जमलं यातूनच रेस घडली. काँक्रीटवाला हे उदाहरण देणारच, ते तुमच्याकडं आधीच पाहिजे.

माझं मत असं आहे. नास्कारमध्ये मातीची रेस पाहिजेच, पण ज्या गावाला माती आहे तिथं जाऊन घ्या. ओहायोमध्ये एल्डोरा स्पीडवे आहे, अर्ध्या मैलाचा जन्माचा मातीचा ट्रॅक, तिथं २०१३ ते २०१९ नास्कारच्या पिकअप ट्रक गाड्यांची रेस व्हायची, पहिली ऑस्टिन डिलन जिंकला. तिथली माती वर्षानुवर्षं त्याच लोकांच्या हातची आहे, कोणत्या वळणावर पाणी थांबते अन् कोणतं लवकर सुकते हे त्यांना पाठ आहे. पटाचं मैदान जसं एका रात्रीत तयार होत नाही, एक दोन पिढ्या तिथं दगड वेचतात तेव्हा ते होते. ब्रिस्टलनं २३०० ट्रक माती आणली पण ती माती ओळखणारं मैदान ट्रकमध्ये भरून आणता येत नाही. म्हणून ते तीन वर्षं चाललं अन् थांबलं असं मला वाटते, अन् त्याच्यासाठी मातीला नाव ठेवणं मला पटत नाही.

वाद घालताना आणखी एक सांभाळा. "ज्याला माती आवडत नाही त्याला रेस कळत नाही" असं बोलू नका. आपल्या टपरीवरच्या पोट्ट्याला मी हेच म्हटलं. समोरच्याला विचारा तुला रेसमध्ये काय पाहायला आवडते, वेग का घासाघाशी का सांभाळणं. त्यानं सांगितलं की मग त्याला तशी रेस दाखवा, नुसतं बोलू नका. क्रम मी असा लावला होता: आधी २०२१ ची पहिली पन्नास लॅप धुळीसाठी, मग २०२२ चा शेवट, मग २०२४ ची काँक्रीटवरची, अन् शेवटी २०१३ ची एल्डोरा. तीन संध्याकाळी लागल्या, एकाच मोबाइलवर चौघं डोकं घालून, आवाज पूर्ण मोठा कारण मातीवर इंजिनाचा आवाज चाक सुटलं की वर जाते अन् धरलं की खाली येते, ते ऐकून डोळे मिटूनही कळते.

अन् हिवाळ्यात पट लागला की एक दिवस पहाटे जा, गर्दी यायच्या आधी. मैदानाच्या कडेनं नाही, मधातून चाला, वळायच्या जागी थांबा, मूठभर माती उचला, दाबा, मग अंगठ्यानं टोचा. त्या पोट्ट्यांना मी सोबत घेऊन जाणार आहे, काँक्रीटवाल्यालाही.