गोंधळ वीस मिनिटांचा नसतो: लोककला महोत्सव नोंदवताना

महोत्सवात गोंधळाला १५-२० मिनिटं मिळतात. यजमानाच्या घरी तो रात्रभर चालतो: चौक भरायचा, घट मांडायचा, गावोगावच्या दैवतांना गोंधळाला बोलवायचं, मग आख्यान, शेवटी आरती. यातलं बरंचसं मंचावर येतच नाही. नुसतं मंचाचं चित्रण केलं तर हाती महोत्सवाची नोंद लागते, गोंधळाची नाही. काय गाळलं, काय आखडलं, हे टिपणं हेच खरं काम, आणि ते रंगपटात, म्हणजे कलावंत तयार होतात त्या खोलीत होतं.

विद्यापीठाचं मैदान असो की बालगंधर्व रंगमंदिर, नोंदवायला पाच जण पुरतात. एक स्थिर कॅमेऱ्यावर, एक हातातल्या कॅमेऱ्यावर, एक ध्वनीला, एक वहीला आणि एक पूर्णवेळ कलावंतांसोबत. पाचव्या माणसावर सगळे गट काटकसर करतात, आणि पुढे त्याचीच उणीव जाणवते.

ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये घ्या. पातळी आपोआप जुळवणारी सोय बंद ठेवा. ती चालू असली की हलगीची थाप पडताच यंत्र आवाज खाली ओढतं आणि गाण्याची पुढची ओळ बुडते. सर्वांत मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावा. मात्र ही चाचणी हलगी शेकल्यानंतरच करा. शेकून कातडं ताणलं की आवाज चढतो नि टोकदार होतो, आधी लावलेली पातळी मग फुटते. शेकण्याचंही चित्रण करा, तो वादनाचाच भाग आहे.

साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जोडणी जरूर घ्या, पण रेकॉर्डरचं इनपुट ‘लाइन’वर हवं. ‘माइक’वर राहिलं तर सगळं चरचरतं आणि नंतर दुरुस्त होत नाही. शिवाय मिक्सरचा तोल प्रेक्षागृहासाठी असतो. ढोलकी नि संबळ मुळातच मोठे वाजतात म्हणून साउंडवाला ते कमी ठेवतो, आणि तुमच्या फाइलमध्ये ते जवळपास नाहीसेच होतात. त्यासाठी दुसरा स्टिरिओ रेकॉर्डर मंचापासून तीन-चार मीटरवर, स्पीकरच्या थेट माऱ्याबाहेर उभा करा. लावणी असेल तर घुंगरांसाठी मंचाच्या कडेला, फळीलगत एक माइक हवाच. सगळ्या फाइली नंतर जुळाव्यात म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा.

कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल बहुतेकदा ३० वर असतो, त्यामुळे काही दिव्यांखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. दिवटी (हातातली मशाल) पेटवून मंचावरचे दिवे मंद केले की स्वयंचलित कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि ज्योत पांढरी फटक होते, म्हणून एक्स्पोजर आधीच कुलूपबंद करा. स्थिर चौकटीत पावलं दिसलीच पाहिजेत, गजनृत्यात आणि लावणीत तर विशेषच. पोवाड्यात शाहिराच्या चेहऱ्यावर झूम करण्याचा मोह टाळा. मागचे झीलकरी (साथीला सूर धरणारे) ‘जी जी रं जी’ कधी उचलतात, त्यावर शाहिराचा दम टिकतो. ते चौकटीबाहेर गेले तर पोवाडा अर्धाच उरतो.

जागरणात वाघ्या-मुरळी भंडारा उधळतात. हळदीची पूड भिंगावर बसली तर कोरड्या कापडाने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी हवेच्या फुग्याने (ब्लोअरने) उडवा, मग पुसा.

आता पाचव्या माणसाचं काम. ‘ही परंपरा किती जुनी?’ या प्रश्नाला ठरावीक उत्तरच येतं. त्याऐवजी विचारा: गावी हे कोणत्या निमित्ताने होतं? आज काय सोडून दिलं? असं कोणतं पद आहे जे मंचावर म्हणत नाहीत? संबळ कोण मढवतं? शब्द कलावंताच्या उच्चारातच लिहा. ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका. एखादं पद देवापुढेच म्हणायचं असेल आणि ते नको म्हणाले, तर रेकॉर्डर बंद करा आणि वहीत ‘नोंदवू दिलं नाही’ एवढंच लिहा. तीही नोंदच आहे.

संमती कार्यक्रमाआधी घ्या. मानधनाचं पाकीट देताना विचारलं तर माणूस नाही म्हणू शकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलावंताचा हक्क ५० वर्षं असतो. संग्रहासाठी, वर्गात दाखवण्यासाठी, इंटरनेटवर टाकण्यासाठी अशी तीन वेगळी विचारणा करा. वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि होकार आवाजात मुद्रित करा.

जागेचा हिशेब आधीच करा. तासाभराचा स्टिरिओ ध्वनी साधारण १ जीबी होतो, सेकंदाला ५० मेगाबिटचं चित्रण साधारण साडेबावीस जीबी. दोन कॅमेरे तीन तास चालले तर १३५ जीबी. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढा, मधली-शेवटची फाइल उघडून पाहा, मगच कार्ड पुसा. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग कलाप्रकार, गाव, क्रमांक.

आणखी एक प्रत फडाची. व्हॉट्सॲपवर पाठवली तर चित्र दाबलं जातं, म्हणून पेनड्राइव्हवर द्या, आणि जत्रांचा हंगाम सुरू होऊन मंडळी गावोगाव फिरू लागण्याआधी.