किडीच्या आधीचा पांढरा डाग आणि फ्लोराइडची पेस्ट

दात ओला असतो तोवर हा डाग सहसा नजरेत येत नाही. दवाखान्यात मी हवेचा फवारा मारून दात वाळवते, की हिरडीला लागून खडूसारखा पांढरा पट्टा उमटतो. आरसा हातात दिला की पेशंटचा ठरलेला प्रश्न, "मॅडम, कॅल्शियम कमी पडलंय का?" कॅल्शियमच्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नाही. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला, की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातले, कॅल्शियम-फॉस्फेट निघून जायला लागतात आणि तिथे हा पांढरा डाग दिसतो. लाळ हे क्षार परत भरत असतेच. फ्लोराइड असलं की ते काम लवकर होतं आणि नव्याने बसलेला थर आम्लाला सहजी दाद देत नाही.

पेस्ट घेताना ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट हे नाव आणि १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) आसपासचा आकडा हवा. बऱ्याच 'हर्बल' पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. कोळसा आणि मशेरी तर अशा दाताला लावूच नका.

जाहिरातीत ब्रशभर पेस्ट काढतात, तेवढी लागत नाही. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. मोठ्यांनी थोडी जास्त घ्यावी. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना.

आणि घासून झालं की फेस थुंका, चूळ भरू नका. खळखळून चूळ भरल्याशिवाय आपल्याकडे तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, हे मान्य. आमच्या सासूबाईंनी माझं अजून ऐकलेलं नाही. पण फ्लोराइड दातावर जितका वेळ राहील तितका त्याचा फायदा, आणि ओंजळभर पाण्यासरशी ते बेसिनमध्ये जातं. पुढचा अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका.

चूळ भरायची खरी वेळ लिंबू सरबत किंवा थंड पेय प्यायल्यावर. तेव्हा मात्र लगेच ब्रश नको. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. तासभर थांबा.

काही महिन्यांनी डागाचा खडबडीतपणा जाऊन चकाकी आली, तर तो सावरला म्हणायचं. पांढरेपणा थोडा राहिला तरी चालेल. खड्डा पडला असेल तर तो पेस्टने भरणार नाही, तिथे फिलिंगच लागतं.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. मुलाच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच पांढरे-तपकिरी पट्टे असतील, तर ते फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेले, असू शकतात. आधी पाणी तपासून घ्या, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी शोधावं लागेल.