घरी नेब्युलायझर लावताय? या चुका टाळा

दिवाळीचे फटाके संपतात, पहाटेचा गारठा सुरू होतो आणि पुण्यातल्या आमच्या पेठेत मेडिकलच्या काउंटरवर नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून श्वासावाटे देणारं यंत्र, मागणाऱ्यांची रीघ लागते. यंत्राचा आवाज किती, वॉरंटी किती, मुलांसाठी हत्तीच्या आकाराचं मिळेल का, हे सगळे विचारतात. औषध किती घालायचं आणि कशात मिसळायचं, हे विचारणारा एखादाच. समजावून सांगायला लागावं तर "ताई, यूट्यूबवर बघतो आम्ही" म्हणून माणूस गाडीला किक मारतो. काउंटरमागे उभं राहून त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या आहेत की आता लिहूनच काढते.

सगळ्यांत घातक चूक बाटलीची. दम्यात श्वास मोकळा करणारं साल्ब्युटामॉल नेब्युलायझरसाठी दोन प्रकारांत मिळतं. एक म्हणजे रेस्प्युल, प्लास्टिकची छोटी कुपी. तिच्या २.५ मिलीत २.५ मिलिग्रॅम औषध असतं. मान पिरगाळायची, मशीनला जोडलेल्या औषधाच्या कपात ओतायचं, झालं. दुसरं रेस्पिरेटर सोल्युशन, १५ मिलीच्या बाटलीत येतं. त्याच्या प्रत्येक मिलीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे रेस्प्युलच्या पाचपट. ते मोजून घ्यायचं आणि सलाईनमध्ये मिसळूनच वापरायचं असतं.

एका रात्री शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात सिंहगड रस्त्याकडून एक मुलगा धावत आला. "ताई, धडधडीवर एखादी गोळी द्या ना, आईला फारच त्रास होतोय." आई बाहेर रिक्षात. जाऊन बघितलं, तर त्यांचे हात इतके थरथरत होते की बांगड्यांचा आवाज थांबत नव्हता. नाडी मोजायला बोट ठेवलं तर मोजताच येईना. दमा जुना, घरात नेब्युलायझर. रेस्प्युल संपले म्हणून कुणीतरी "बाटली घे, स्वस्त पडते" असं सुचवलेलं. "किती घातलंस?" "कपावर खूण आहे ना, तिथपर्यंत भरलं." म्हणजे ३ मिली, पाणी-सलाईन काही नाही, थेट १५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅम देतात. इतका मोठा डोस रुग्णालयात कधी द्यावा लागलाच, तर मॉनिटर लावून देतात. पहिल्या डोसनंतर हात थरथरायला लागले, ते मुलाला दमा वाढल्याचं लक्षण वाटलं आणि त्यानं तेवढाच डोस पुन्हा दिला. गोळी न देता रिक्षा तशीच रुग्णालयात पाठवली. जास्त औषधानं रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं होतं. रात्रभर मॉनिटरवर ठेवलं, सकाळी त्या सावरल्या.

तेव्हापासून बाटली देताना मी सोबत सुई नसलेली १ मिलीची सिरिंज देते. चिठ्ठीवर जितकं लिहिलंय तिथे मार्करनं रेघ मारते आणि गिऱ्हाइकाला माझ्यासमोर साधं पाणी ओढून दाखवायला लावते. २.५ मिलिग्रॅम म्हणजे फक्त अर्धा मिली, हे डोळ्यांनी दिसलं की पटतं. घाईतली मंडळी वैतागतात. वैतागू देत. आणि डॉक्टरांना एकदा विचारा, रेस्प्युल चालतील का. चार पैसे जास्त जातात, पण मापाची भानगडच राहत नाही.

मिसळायला फक्त नॉर्मल सलाईन, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं निर्जंतुक मिठाचं पाणी. नळाचं, उकळलेलं, आरओचं, डिस्टिल्ड, कुठलंच पाणी नाही. मीठ नसलेलं पाणी तुषार होऊन आत गेलं की दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतात आणि खोकल्याची उबळ येते. सलाईनची मोठी बाटली फोडून फ्रीजच्या दारात आठवडाभर ठेवायची सवयही सोडा. छोट्या कुप्या मिळतात. उरलेलं ओतून टाका.

निलगिरी तेल, बाम, ओव्याचा अर्क, कफ सिरप, घरात उरलेलं इंजेक्शन, यातलं काहीही कपात घालू नका. तेलाचे कण फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. वाफारा घ्यायचा तर तो पातेल्यात घ्या.

आता दुसरी मोठी चूक. ती चुकीच्या औषधानं होत नाही, योग्य औषध पुन्हा पुन्हा देण्यानं होते. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. आतली सूज मात्र तशीच राहते. म्हणून माणसाला बरं वाटतं, दोन तासांनी पुन्हा दम लागतो, घरचे पुन्हा मशीन लावतात आणि "सकाळी बघू" करत रात्र काढतात. हे मला अजिबात चालत नाही. डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं नसेल, तर चार तासांच्या आत पुन्हा गरज पडली की डॉक्टरांकडे निघायचं. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल, तर थांबायचंच नाही, १०८ लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत मशीन चालू ठेवा. आणि एक गोष्ट आईवडिलांनी डोक्यात पक्की ठेवा. छातीतली शिट्टी थांबली पण मूल गळून गेलंय, बोलत नाहीये, तर ते बरं झालेलं नाही. शिट्टी वाजण्याइतकी हवाही आत-बाहेर होत नसते.

सूज उतरवणारं औषध म्हणजे बुडेसोनाइड, एक स्टेरॉइड. ते सावकाश काम करतं, अचानक लागलेल्या दमावर त्याचा लगेच उपयोग नाही. "स्टेरॉइड नको बाई" म्हणून लोक नेमकं तेच बंद करतात आणि झटपट बरं वाटवणारं तेवढं चालू ठेवतात. मनानं बंद करू नका. घेतल्यावर चूळ भरा, मास्क लावला असेल तर चेहरा पुसा. तोंडात पांढरे चट्टे येतात ते चूळ न भरल्यामुळे.

झोपलेल्या बाळाच्या नाकासमोर मास्क लांब धरून वाफ सोडू नका, बहुतेक औषध खोलीत जातं. मास्क चेहऱ्यावर नीट बसायला हवा. मूल रडत असेल तर आधी मांडीवर घेऊन शांत करा, रडताना औषध छातीपर्यंत फारसं पोचत नाही. साधारण त्रासात स्पेसर (इन्हेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) लावलेला इन्हेलर नेब्युलायझरइतकाच चालतो, लहान मुलांनाही. मोठ्या आवाजाचं मशीन म्हणजे जास्त ताकदीचं औषध, हा समज कुठून आला कोण जाणे.

ड्युओलिनसारख्या औषधात श्वासनलिका सैल करणारं आणखी एक औषध, इप्राट्रोपियम, असतं. मास्क सैल असेल तर ते डोळ्यांत जातं. काचबिंदू असलेल्या आजी-आजोबांना मास्कऐवजी तोंडात धरायची नळी द्या.

कप सरळ उभा धरा. फुरफुर आवाज यायला लागला की कपाला टिचकी मारा, कडेचे थेंब खाली येतात. तरीही तुषार येत नसतील तर थांबा. तळाशी थोडं औषध राहतंच, त्यासाठी अर्धा तास मशीन तापवू नका.

प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क धुऊन, पाणी झटकून स्वच्छ फडक्यावर वाळवा. ओला कप डब्यात बंद केला की जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच छातीत जातात. मी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायला सांगते, नंतर पुन्हा धुवायचं. उकळायचं असेल तर आधी पुस्तिका वाचा, सगळं प्लास्टिक उकळत्या पाण्यात टिकत नाही. हवेची नळी धुवायची नाही. आत बाष्प दिसलं तर नुसतं मशीन मिनिट-दोन मिनिटं चालवा.

फिल्टर मधूनमधून उघडून बघा. रस्त्याचं खोदकाम आणि बांधकामं चालू असलेल्या भागात तो लवकर करडा पडतो. बहुतेक फिल्टर धुवायचे नसतात, बदलायचे असतात. शेजाऱ्यांना मशीन द्यायला हरकत नाही, पण कप, मास्क आणि नळी ज्याची त्यानं स्वतःची आणावी.