हेड्स-अप पोकर: बटनावर काय खेळायचं, ब्लाइंडवर काय सोडायचं

नऊ जणांच्या टेबलाची सवय असलेला माणूस हेड्स-अपला (दोघांतच खेळायला) बसला की चांगल्या पत्त्यांची वाट बघत राहतो आणि ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच भरायची सक्तीची रक्कम) भरून भरूनच त्याचा स्टॅक (समोरची चिप्सची रास) आटतो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते हो, तोवर काय करणार?

आधी जागा बघा. होल्डेममध्ये (हातात दोन पत्ते, बाकीचे टेबलावर उघडे, असा पोकर) दोघंच असले की डीलर बटन (वाटणाऱ्याची खूण) ज्याच्याकडे, स्मॉल ब्लाइंडही (अर्धा ब्लाइंड) त्याचाच, समोरच्याचा बिग ब्लाइंड, म्हणजे पूर्ण. फ्लॉपच्या (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) आधी तो पहिला बोलतो पण फ्लॉपनंतर दरवेळी शेवटी, म्हणजे समोरच्याने चेक केलं (पैसे न लावता पाळी सोडली) का बेट लावली हे बघून मग आपलं ठरवायचं, आणि याच्यासारखं सुख नाही.

म्हणून बटनावर दहातले आठ हँड तरी खेळा, तेही नुसता कॉल (समोरच्याइतकेच पैसे भरणं) नको, दोन-अडीच बिग ब्लाइंडचा रेज (रक्कम वाढवणं). कुठलाही एक्का, राजा, जोडी, जवळपास सगळे सूटेड (दोन्ही पत्ते एकाच जातीचे). फेकायचं काय तर सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री असला वेगवेगळ्या जातीचा कचरा. हिशोब करा ना, दोनचा रेज म्हणजे तुमचे आणखी दीड ब्लाइंड जाणार आणि पॉटमध्ये (मधे जमलेले पैसे) आधीच दीड पडलेत, समोरचा निम्म्याहून जास्त वेळा फोल्ड करत (पत्ते टाकून देत) असेल तर पत्ते न बघता रेज केला तरी फायदाच.

आता गुलाम-छक्की घ्या, एक बदाम एक किलवर. बटनावर सरळ रेज. फ्लॉप आला राजा-नव्वी-तिर्री, काहीच लागलं नाही, पण त्याने चेक केलं तर अर्ध्या पॉटची बेट लावा, बऱ्याचदा तिथेच पॉट तुमचा (जोडी नसलेले पत्ते तीनातून दोनदा फ्लॉप चुकतातच, त्याचेही चुकलेले असणार). हीच गुलाम-छक्की बिग ब्लाइंडवर आली की गोष्ट वेगळी. त्याने दोनचा रेज केला तर एक ब्लाइंड टाकून चारचा पॉट, २५ टक्के जिंकलात तरी भागतं, सो कॉल. तीनचा केला तर ३३ टक्के लागतात आणि वर दरवेळी पहिलं बोलायचं, मग फोल्ड, अजिबात हळहळायचं नाही.

बिग ब्लाइंडवर दश्श्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी आले की नुसता कॉल करू नका, त्याच्या रेजच्या चौपट री-रेज. मधूनमधून सूटेड एक्का-पंजीनेही मारा, नाहीतर तो लगेच ओळखतो.

स्टॅक दहा ब्लाइंडवर आला तर हे सगळं विसरा, बटनावर ऑल-इन (सगळा स्टॅक लावणं) नाहीतर फोल्ड, आणि एक्का, राजा किंवा जोडी असेल तर ऑल-इनच. समोरचा सारखा री-रेज करणारा असेल तर आधी बटनावरचा कचरा कमी करा, एक्के-राजे तसेच ठेवा.