निरनिराळ्या झेंड्यांचे कामगार एका मागणीपत्रावर कसे आणावेत

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यांत किंवा जवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत एकाच पाळीतला एक कामगार कम्युनिस्टांच्या आयटकचा, दुसरा काँग्रेसच्या इंटकचा, तिसरा संघपरिवारातल्या भारतीय मजदूर संघाचा आणि चौथा कोणाचाच नसतो. अशा ठिकाणी एकजूट बांधायची असेल, तर कोणाचीही निष्ठा बदलायला निघू नये. 1962 मध्ये कम्युनिस्ट कामगार पुढारी होमी दाजी इंदूरहून लोकसभेवर गेले, ते केवळ समाजवाद मानणाऱ्यांच्या मतांवर नव्हे.

आधी मागणीपत्राचा मसुदा करावा आणि तो करताना प्रत्येक संघटनेचा एक माणूस व ठेक्यावरचे निदान दोघे बसवावेत, कारण ठेक्यावरच्यांना वगळून पक्क्या कामगारांनी मिळवलेली वाढ मालक पुढे त्यांच्याच जागी ठेक्याची माणसे आणून वसूल करतो. मागण्या पगाराच्या पावतीवर तपासता येतील अशाच असाव्यात: जादा कामाचा दुप्पट मोबदला, भविष्यनिर्वाह निधीचा नियमित भरणा, ग्रॅच्युइटीची थकबाकी. समाजवादी सहकाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की शोषणाची मीमांसा अभ्यासवर्गात अवश्य करावी, पण सहीसाठी तिची अट घालू नये.

सर्वांत अवघड माणूस म्हणजे फोरमन किंवा कारकून, जो पगारावर जगतो पण मन मालकाकडे ठेवतो. त्याला फितूर म्हणू नये. इंदूरची हुकुमचंद कापड गिरणी 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी रुपये सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला, तोवर कित्येक हक्कदार हयातही नव्हते, हे त्याच्यापुढे मांडून त्याची स्वतःची ग्रॅच्युइटी कोठे सुरक्षित आहे, ते विचारावे.

वाटाघाटीला कोण बसणार, हे आधीच लेखी ठरवावे. मध्य प्रदेशाच्या 1960 च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिला आणि तिच्या जागेसाठीच संघटना आपसांत झुंजत राहिल्या. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कारखान्यातले निदान 51 टक्के कामगार सभासद असलेली संघटना एकटी वाटाघाट करते. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के असलेल्या संघटनांची परिषद बसते. म्हणून सभासदांची मोजणी सर्वांसमोर करावी.

बैठकीत आपण मराठी माणसांनी आपसांत मराठीत कुजबुजू नये, आणि करारावर सही होण्यापूर्वी तो प्रत्येक पाळीला हिंदीत मोठ्याने वाचून दाखवावा.