दिवसाचं प्लॅनिंग: आधी लोकल, मग बाकीचं

प्लॅनिंगवर सल्ले ढीगभर मिळतात, पहाटे चारला उठा, ध्यान करा वगैरे, पण ज्याला डोंबिवलीहून रोज फोर्टला जायचंय त्याच्या दिवसाचा सांगाडा रेल्वेनेच बनवून ठेवलाय. फास्ट लोकल पकडली तरी सीएसएमटीपर्यंत तासाच्या वर जातो, त्यात रिक्षाची लाइन, उतरून चालणं, म्हणजे जाऊन येऊन तीन-साडेतीन तास गेलेच. मी कित्येक वर्षं हे तास धरायचेच नाही आणि रात्री चिडचिड करायचे की आज काहीच झालं नाही, अगं होणार कुठून?

म्हणून सुरुवात उलटी करा, गाडीपासून मागे मोजत या. समजा गाडी ८:२० ची, तर प्लॅटफॉर्मवर ८:१०, रिक्षात ७:५५, डबे भरून तयार ७:४०, पोळ्यांना बसायचं सातला. हे मी एकदा कागदावर लिहिलं तेव्हा लक्षात आलं की सकाळची बोंब आदल्या रात्रीच सुरू झालेली असते, भाजी निवडलेली नसते, युनिफॉर्मला इस्त्री नसते, आणि पास संपलाय हे स्टेशनवर गेल्यावर कळतं (झालंय हे, तिकिटाच्या लाइनीत उभी असताना डोळ्यांसमोरून दोन गाड्या गेल्या). तेव्हापासून पास संपायची तारीख कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच.

रात्री ओटा आवरून झाला की दहा मिनिटं बसा, कागद कुठलाही चालतो, मी किराण्याच्या बिलाच्या मागे लिहिते. ॲप पण वापरून बघितली पण फोन हातात घेतला की आधी फॅमिली ग्रुप उघडतो आणि अर्धा तास तिथेच जातो. उद्याची तीनच मोठी कामं लिहायची, बाकीची किरकोळ खाली एका कोपऱ्यात, जमलं तर जमलं.

आता लिहायचं कसं, कारण खरी गोम इथे आहे. नुसतं "बँक" असं लिहिलं की तो शब्द पंधरा दिवस यादीत लोळत पडतो, माझा पडला होता. मग लिहिलं, "केवायसीचा फॉर्म आज रात्री भरायचा, आधारची झेरॉक्स पर्समध्ये टाकायची, उद्या लंचमध्ये देऊन यायचं", दुसऱ्या दिवशी काम झालं. बघताक्षणी हात कुठे घालायचा हे कळलं पाहिजे, नाहीतर ते काम नाही, नुसतं टेन्शन आहे.

प्रत्येक कामापुढे किती वेळ लागेल ते लिहा आणि झाल्यावर खरंच किती लागला तेही लिहा, आठवडाभर तरी. ऑफिसचा जो रिपोर्ट मी वर्षानुवर्षं "अर्ध्या तासाचं काम" म्हणत होते त्याला रोज तास-सव्वातास लागत होता! हे आपलंच होतं असं नाही, डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच याला नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे मागच्या वेळी उशीर झालेला माहीत असूनही यंदा पटकन होईल असं वाटणं. मी सरळ माझ्या अंदाजाची दीडपट धरते.

ट्रेनमधल्या वेळेचं म्हणाल तर जागा मिळेलच असं धरून काही ठरवू नका. जाताना उभी असते तेव्हा फक्त गाणी, येताना बसायला मिळालं तर मेलला उत्तरं नाहीतर डुलकी, आणि डुलकीला मी वेळ फुकट गेला म्हणत नाही. लेडीज डब्यात मटार सोलत बसणाऱ्या काकू बघितल्या की वाटतं यांना कोण शिकवणार टाइम मॅनेजमेंट, घरी पोचायच्या आत भाजीची तयारी झालेली असते.

आणि दिवस काठोकाठ भरू नका. संध्याकाळचा एक तास तरी मोकळा ठेवा, जून ते सप्टेंबर तर हवाच, कारण रुळांवर पाणी आलं की सगळ्यांचं प्लॅनिंग एकदमच वाहून जातं. रविवारी कुठे जायचं असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून घ्या, कार्यक्रमाला उशिरा पोचून कारण सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

एखादा दिवस फसला तर फार मनाला लावून घ्यायचं नाही, दुधाचा खाडा मांडतो तसा मांडायचा आणि राहिलेलं काम उद्याच्या कागदावर उतरवायचं. पण एकच काम तीन रात्री उतरवावं लागलं तर ते एक तर मोठं आहे नाहीतर नकोच आहे. माझ्या यादीत "कपाट आवरणे" मे महिन्यापासून होतं, शेवटी "फक्त वरचा कप्पा, रविवारी चहा झाल्यावर" असं लिहिलं तेव्हा कुठे तो आवरला, खालचे तीन अजून तसेच आहेत.