बॅकअप रोज होतोय, मग डेटा कुठे गेला? या चुका टाळा

डॅशबोर्डवरची हिरवी खूण एवढंच सांगते की रात्री स्क्रिप्ट चालली. तिने नेमकं काय उचललं आणि ते परत बसवता येईल का, हे त्या खुणेला माहीत नसतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन यांच्यावर भागवणाऱ्या छोट्या टीम फसतात त्या बहुतेक इथेच.

सगळ्यात बेमालूम चूक पाइपची, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीची. डेटाबेसमधला डेटा बाहेर काढणाऱ्या पीजी-डंपचं आउटपुट थेट फाइल आवळणाऱ्या जीझिपला जोडून फाइल बनवायची, ही ओळ कितीतरी सर्व्हरवर सापडेल. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलतो आणि डंप सुरू होताच कोसळतो. जीझिपला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. हाती काहीच आलेलं नसताना ते रिकामी फाइल नीट बांधून ठेवतं आणि बॅश, म्हणजे कमांड चालवणारी शेल, पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरून एक्झिट कोड 0, म्हणजे 'सगळं ठीक', देते. मग रोज नव्या तारखेची फाइल तयार होत राहते, प्रत्येक फक्त 20 बाइटची! यावर उपाय म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अपयश कळवणारा पाइपफेल हा पर्याय चालू करणं. पण उबुंटू लिनक्सवर क्रॉन आपल्या ओळी बॅशमध्ये चालवत नाही, त्यामुळे तो क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये) कोंबू नका. बॅशची वेगळी स्क्रिप्ट करा आणि त्यात घाला. शिवाय फाइल कालच्या निम्म्याहून लहान निघाली तर बोंब मारणारी तपासणीही त्याच स्क्रिप्टमध्ये हवी.

'हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमध्ये नाही' ही दुसरी नेहमीची तक्रार. क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) मिळत नाही, त्यामुळे कमांडचा पूर्ण पत्ता द्या. नाहीतर मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर जुना पीजी-डंप उचलला जातो आणि तो नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला साफ नकार देतो. फाइलच्या नावात तारीख घालताना टक्क्याचं चिन्ह थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिलंत, तर क्रॉन तिथेच ओळ तोडतो. त्याच्याआधी बॅकस्लॅश लागतो. वेळेचा घोळ वेगळाच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) असेल तर रात्री 2 चा जॉब आपल्याकडे सकाळी 7:30 ला सुटतो. अमेरिकन क्लायंटचा सर्व्हर तिथल्या स्थानिक वेळेवर असेल, तर मार्चमधल्या एका रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि 2 ते 3 हा तास उगवतच नाही. सरळ सगळं यूटीसीवर ठेवा.

हे सगळं एकाच वेळी घडू शकतं का? कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये घडलं. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथल्या इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी उडवली. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरले होते. रोजचा डंप शोधला, तर पीजी-डंप 9.2 चा आणि डेटाबेस 9.6 चा, म्हणून बॅकअपच्या जागी काहीच नव्हतं. डंप फसल्याचे ईमेल निघत होते, पण प्रेषकाची खातरजमा होत नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या नकलेने. कंपनीने हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, हे मला विशेष वाटतं.

रेप्लिकाला, म्हणजे मुख्य डेटाबेसशी सतत जुळत राहणाऱ्या नकलेला, बॅकअप समजू नका, कारण चुकून उडवलेलं टेबल काही क्षणांत तिथूनही उडतं. बॅकअप त्याच आवारात ठेवणंही तितकंच धोक्याचं. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथलं ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांच्या हाती काही उरलं नाही.

रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअप परत बसवून, पाहताना आणखी दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पीजी-डंप एकाच डेटाबेसपुरता असतो, त्यात युजर आणि त्यांचे रोल येत नाहीत. ते पीजी-डंप-ऑलने वेगळे काढावे लागतात. दुसरी गोष्ट वेळेची. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तरी 500 जीबी नुसते हलवायला जवळपास दीड तास जातो, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) बांधणं त्यापुढचं. 'तासाभरात सिस्टीम चालू करू' असं क्लायंटला सांगण्याआधी हा हिशेब करा.

खरी अडचण मात्र कामाच्या वाटणीत आहे. रिस्टोअर ड्रिलचं, म्हणजे बॅकअप परत बसवण्याच्या सरावाचं, तिकीट प्रत्येक स्प्रिंटमध्ये (कामाच्या छोट्या टप्प्यात) पुढे ढकललं जातं, कारण ते केल्याने अप्रेझलमध्ये कुणी पाठ थोपटत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पेपर टाकले (राजीनामा दिला) की केटीचं, म्हणजे काम समजावून देण्याच्या बैठकीचं, रेकॉर्डिंग होतं आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्याच्याच लॅपटॉपवर राहते. म्हणून ड्रिल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याकडे देऊच नका. टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाला कोरी मशीन आणि लिहिलेल्या सूचना द्या, आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्या.

त्या मशीनवर ॲप्लिकेशन सुरू करण्याआधी बाहेर जाणारे ईमेल आणि एसएमएस बंद करा. रिस्टोअर झालेल्या डेटामध्ये खऱ्या ग्राहकांचे नंबर असतात, रांगेत अडकलेले मेसेजही असतात. ॲप्लिकेशनला ही नक्कल आहे हे कळत नाही. ते इमानेइतबारे सगळ्यांना जुन्या बिलांची आठवण करून देतं. तपासणी झाली की ती मशीन पुसून टाका.